बेकरीच्या रिकाम्या बादलीत भाजी कशी लावायची

बादली मागायला बेकरीत संध्याकाळी जाऊ नका. त्या वेळी पाव-खारी घ्यायला झुंबड असते आणि मालकाला मान वर करायला फुरसत नसते. दुपारी दोन ते चारच्या मध्ये जा, आधी काहीतरी विकत घ्या आणि मग विचारा, "दादा, क्रीमच्या रिकाम्या बादल्या असतात का हो? भाजी लावायला पाहिजे होत्या." मला पहिल्यांदा उत्तर मिळालं ते असं, "मागं पडल्यात बघा ताई, पायजे तेवढ्या न्या. आमालाबी अडचणच हाय."

गच्चीवर भाजी लावायची म्हटलं की नवा माणूस आधी कुंड्यांच्या दुकानात जातो. पाच-सहा मोठ्या कुंड्या घेतल्या की हाताशी ठेवलेले पैसे संपतात, आणि माती-खतावर, जिथं खरा खर्च करायला हवा तिथं, हात आखडतो. माझ्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या गच्चीवर आज 26 बादल्या आहेत आणि त्यातली एकही विकत आणलेली नाही. वाचलेले पैसे मी खतात घातले. पण फुकट मिळाली म्हणून कुठलीही बादली उचलून आणायची नसते, आणि आणलेली तशीच भरायची नसते. खाली जे लिहितेय ते या दोन गोष्टींभोवतीच आहे.

कुठल्या बादल्या आणायच्या

एकच प्रश्न विचारायचा: आधी यात काय होतं? खायची वस्तू असेल तर घ्या, नसेल तर सोडा.

बेकरीत क्रीम, जॅम, केकवरचं जेल यांच्या 5 ते 15 लिटरच्या बादल्या निघतात. आईस्क्रीमवाल्यांकडं आणि आपल्या दूध कोल्ड्रिंकच्या दुकानांत आईस्क्रीमचे चौकोनी डबे आणि फ्रूट क्रशचे कॅन मिळतात. मिठाईवाल्यांकडं श्रीखंडाच्या बादल्या असतात. हॉटेल आणि केटरर यांच्याकडं मेयोनीज, केचप आणि लोणच्याच्या बादल्या पडलेल्या असतात. लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात विचारून ठेवलं तर एका लग्नात तीन-चार सहज मिळतात. त्यांचा फोन येतो तेव्हा त्याच दिवशी जायचं. दुसऱ्या दिवशी त्या भंगारात गेलेल्या असतात.

बादली उलटी करून बूड बघा. तिथं त्रिकोणात एक आकडा असतो. 2 म्हणजे एचडीपीई, म्हणजे हाय डेन्सिटी पॉलिथिलीन, 5 म्हणजे पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. खाद्यपदार्थांच्या बादल्या बहुतेक या दोनच जातींच्या असतात आणि आपल्या कामाला दोन्ही चालतात. शेजारी पेला आणि काटा असं चित्र असेल तर ते प्लास्टिक अन्न ठेवण्यासाठी बनवलेलं आहे. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, त्या बादलीत नंतर काय ठेवलं ते सांगत नाही. रंगाची 20 लिटरची बादलीसुद्धा 2 किंवा 5 नंबरची असू शकते. म्हणून आकडा बघून समाधान मानू नका. ज्याच्याकडून घेताय त्याला विचारा.

रंगाच्या बादल्यांबद्दल मला सगळेच विचारतात, कारण त्या कुठल्याही बांधकामावर मिळतात. माझं उत्तर ठाम नाही असं आहे. शोभेची झाडं लावा, झेंडू लावा, खायचं काही लावू नका. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून येणारे ऑइलचे, ग्रीसचे, कूलंटचे कॅन आणि शेतावरचे कीटकनाशकाचे डबे तर घरातसुद्धा आणू नका. किती का धुवा, प्लास्टिकमध्ये मुरलेलं निघेल याची खात्री देता येत नाही, आणि ती भाजी आपण पोराबाळांना घालणार असतो.

धुणं

क्रीमची बादली दिसायला स्वच्छ असते, पण हात फिरवला की चिकट लागते. गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून तासभर ठेवा, मग नारळाच्या शेंडीनं घासा. कडेच्या खोबणीत, जिथं झाकण बसतं, तिथं तूप साठून राहतं. तिथं जुना टूथब्रश घाला, नाहीतर आठवड्यात मुंग्यांची रांग लागते.

लोणच्याच्या बादलीला जास्त वेळ द्या. तिथं खरी अडचण मिठाची. मीठ मुळांना मारतं. ती पाण्यानं काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा आणि मध्ये पाणी बदला. वास थोडा राहिला तरी घाबरू नका, चार दिवसांच्या उन्हात जातो. कुठल्याही बादलीची परीक्षा एकच: वाळल्यावर झाकण लावून रात्रभर ठेवायची, सकाळी झाकण उघडून नाक आत घालायचं. रॉकेलसारखा, रंगासारखा किंवा औषधासारखा वास आला तर ती परत द्या.

भोकं: इथं घाई केली की सगळं गेलं

कोल्हापूरचा जुलै ज्यानं काढलाय त्याला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. आठ-आठ दिवस रिपरिप थांबत नाही. झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की हवा संपते, मुळं कुजतात आणि वरचं झाड पाणी असूनही कोमेजतं. नवा माणूस ते कोमेजलेलं झाड बघून आणखी पाणी घालतो.

माझ्याकडं पहिल्या पावसाळ्यात हेच झालं, आणि भोकं पाडूनही झालं. सहा मिरच्या आणि चार टोमॅटो होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडून खाली लोंबायला लागली. एक बादली कडेला धरून तिरकी केली तर खालून भसकन पाणी आलं, काळपट, आंबलेल्या ताकासारख्या वासाचं. मग बूड निरखून बघितलं. या बादल्यांच्या बुडाला बाहेरून एक गोल कडा असते आणि मधला भाग अर्धा बोट आत असतो. बादली सपाट गच्चीवर ठेवली की ती कडा फरशीला चिकटते. त्यात माती आणि शेवाळ धरलं की सीलच बसतं. भोकांतून पाणी खाली येत होतं, पण कडेच्या आतच अडकत होतं. दहापैकी आठ झाडं गेली.

तेव्हापासून मी असं करते. 15 ते 20 लिटरच्या बादलीला बुडात 10 ते 12 भोकं, प्रत्येक 8 मिलीमीटरचं, म्हणजे पेन्सिल जेमतेम शिरेल एवढं. त्यातली निम्मी भोकं कडेलगत, कारण पाणी तिथंच राहतं. शिवाय बाजूनं, बुडापासून दोन बोटं वर, चार दिशांना चार भोकं. खालची बुजली तरी ही चालू राहतात. आणि बादली कधीच जमिनीवर टेकवायची नाही. खाली तीन अर्ध्या विटा, तिवईसारख्या. तीन असल्या की ती डुगडुगत नाही, आणि खालून हवा जाते. गच्चीची फरशी ओली राहत नाही, त्यामुळं स्लॅब गळायची भीतीही कमी होते.

भोकं पाडायला ड्रिल मशीन सगळ्यांत चांगलं. बादली उलटी करून आत लाकडाचा ठोकळा ठेवा आणि मशीन हळू चालवा. जोर लावला की प्लास्टिक वितळून बिटाला गुंडाळतं. घरात मशीन नसेल तर गल्लीतल्या सुताराला किंवा प्लंबरला सांगा, दहा बादल्यांचं काम पाऊण तासाचं आहे. खिळा आणि हातोडा वापरू नका. बादली जुनी असेल तर भोकापासून तडा जातो आणि तो वाढतच जातो. तापवलेल्या सळईनं भोकं सुबक पडतात, पण तो धूर वाईट असतो. उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून आणि मुलांना लांब ठेवून करा.

भोकांवर फुटक्या माठाची एकेक खापरी पालथी ठेवली की पुरे. तळाला खडी किंवा वाळूचा थर देण्याची आपल्याकडं जुनी सवय आहे, पण त्यानं निचरा वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीच्या थरावर येऊन थबकतं, ओली माती उलट मुळांच्या आणखी जवळ येते, आणि मुळांना मिळणारी जागा तेवढी कमी होते.

माती भरण्याआधी जागा ठरवा

20 लिटरची बादली ओल्या मातीनं भरली की 25 किलोच्या आसपास जाते. भरल्यावर हलवायची म्हटलं तर लोक कडी धरून उचलतात, आणि कडी एका बाजूनं निसटून येते. क्रीम वाहून न्यायला ती कडी पुरेशी असते, ओल्या मातीला पुरत नाही. म्हणून जागा आधी ठरवायची. बादल्या गच्चीच्या मधोमध मांडू नका. कठड्यालगत, जिथं खाली भिंत किंवा बीम आहे, तिथं ओळीनं ठेवा. जुन्या वाड्याचं किंवा पत्र्याचं छप्पर असेल तर वर नकोच. अंगणात, जिन्याखाली, दाराशी ठेवा. दिवसाला पाच-सहा तास ऊन लागलं पाहिजे. पालेभाजीला चार तास ऊनही चालतं.

माती

आपल्या भागात दोन माती सहज मिळतात: नदीकाठची काळी आणि पन्हाळ्याकडची तांबडी. शेतात काळीचं सोनं होतं, बादलीत मात्र नुसती काळी माती पावसात चिखल होते आणि उन्हात दगड होते. बादलीला तांबडी बरी. काळीच हाताशी असेल तर ती निम्म्याहून कमी घ्या.

माझं माप पाटीचं आहे. दोन पाट्या माती, एक पाटी शेणखत किंवा गांडूळखत, एक पाटी भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि दर बादलीला एक मूठ निंबोळी पेंड. सगळं फरशीवर ओतून हातानं कालवा. मूठभर घेऊन आवळा: लाडू वळला पाहिजे आणि बोटानं टिचकी मारली की फुटला पाहिजे. वळलाच नाही तर खत वाढवा, फुटलाच नाही तर कोकोपीट वाढवा.

शेणखताच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. पेठांमधून अजून म्हशी आहेत, गोठे आहेत. गवळीमामांना म्हणा, "मामा, जुन्या ढिगातलं, तळाचं द्या." चांगलं मुरलेलं खत काळं, भुसभुशीत असतं, त्याला शेणाचा वास येत नाही आणि ढिगात हात घातला तर गरम लागत नाही. ताजं शेण बादलीत घालू नका, कुजताना त्याची उष्णता कोवळ्या मुळांना भाजते.

बादली काठोकाठ भरू नका, वर तीन बोटं जागा ठेवा, नाहीतर पाणी घातलं की मातीसकट बाहेर वाहतं. आणि मातीवर पसरायला रसवंतीतली चिपाडं आणा. ती फुकट मिळतात. आठ-दहा दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर गोडीनं मुंग्या येतात. मग हातानं मोडून दोन बोटं जाड थर द्या. उसाचं पाचट मिळालं तर तेही उत्तम. पण मातीत मिसळू नका. कच्चं चिपाड मातीत कुजताना जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. वर पसरलं तर असं होत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये पाणी निम्म्यावर येतं.

कुठल्या बादलीत काय

सुरुवात मेथीनं करा, माझं ऐका. 5 लिटरचा आईस्क्रीमचा चौकोनी डबा घ्या. खोली एक वीतभर असली तरी चालते. बी विकत आणायचं कारण नाही, मसाल्याच्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवा, सकाळी मातीवर दाट पसरा, वर अर्धं बोट माती. चौथ्या दिवशी सगळा डबा एकदम उचलल्यासारखा दिसतो: कोंब मान वाकडी करून वर येतात आणि माती त्यांच्या डोक्यावर टोपीसारखी असते. तीन-साडेतीन आठवड्यांत भाजी होते. एवढ्या लवकर फळ हातात आलं की माणसाचा हुरूप टिकतो.

कोथिंबिरीचे धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा, मगच पेरा. त्यांना उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघू नका. पोकळा, पालक, शेपू यांना 8-10 लिटरची बादली.

मिरचीला 10 लिटर पुरतं, एका बादलीत एकच झाड. वांगं आणि टोमॅटो यांना 15 ते 20 लिटर, तिथंही एकेकच. मन होत नाही, मला माहीत आहे. रोपवाटिकेतून दहा रोपं आणलेली असतात आणि बादली मोकळी दिसते. पण दोन टोमॅटो एका बादलीत लावले की दोन्हींना मिळून एका झाडाइतकीच फळं येतात आणि रोग मात्र दुप्पट लवकर पसरतो. टोमॅटोचं रोप खालची पानं काढून खोडासकट खोल लावा, खोडालाही मुळं फुटतात. लावतानाच शेजारी बांबूची कामटी रोवा. बुरुड गल्लीत हव्या त्या लांबीच्या मिळतात. नंतर रोवली तर मुळं तुटतात. दोडका, कारलं, घेवडा यांना 20 लिटर आणि चढायला कठड्याची जाळी किंवा सुतळी.

हंगामाचं म्हणाल तर नव्या माणसानं मृगाच्या पावसात घाई करू नये. उन्हाळ्यात बादल्या गोळा करा, धुवा, भोकं पाडा. पावसाळ्यात वांगी, मिरची, भेंडी, दोडका एवढंच लावा. मेथी-कोथिंबीर धो धो पावसात मातीसकट झोपते. ती गणपती गेल्यावर, पाऊस ओसरला की सुरू करा, आणि दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत दर पंधरा दिवसांनी एकेक डबा पेरत राहा. एखाद्या बादलीला भोकं कमी पडली असतील तर तिच्यात अळू लावा, त्याला ओल लागतेच. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि मंडईत भाजी येईना, तेव्हा शेजारच्या काकूंच्या दोन बादल्यांतल्या अळूची पातळभाजी आमच्या जिन्यातल्या चार घरांनी खाल्ली. मी त्याच वर्षी दिवाळीत पहिल्या बादल्या आणल्या.

रोजचं काम

पाणी घालण्याआधी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. ओलं लागलं तर आज पाणी नाही. सकाळी घाला, खालून ठिबकेपर्यंत घाला. बादलीतलं खत दर पाण्याबरोबर थोडं वाहून जातं, म्हणून दर पंधरा दिवसांनी एक मूठ गांडूळखत, किंवा शेण एक भाग आणि पाणी दहा भाग असं पातळ करून दोन तांबे.

मिरचीची पानं वाटीसारखी वळली, म्हणजे ज्याला आपण बोकड्या म्हणतो, तर पान उलटून बघा, फुलकिडे किंवा कोळी असतात. एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि चार थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं. आठवड्यानं परत. मावा दिसला तर आधी पाण्याच्या धारेनं धुऊन काढा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

बादल्यांची झाकणं टाकू नका, उन्हाळ्यात ती खाली ताटलीसारखी कामाला येतात. मृग लागला की मात्र सगळी उचलून आत ठेवा. डेंग्यूचा डास अशाच बोटभर स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडायला तयार होतात.

एप्रिल-मेसाठी दोन बादल्यांची जोडी

सुट्टीत चार दिवस गावी जायचं असेल तर ही सोय करा. सारख्या मापाच्या दोन बादल्या घ्या. खालचीत अर्धी वीट ठेवा, म्हणजे वरची अधांतरी बसेल आणि खाली पाण्याला जागा राहील. वरचीच्या बुडाला मध्ये एक मोठं भोक पाडून त्यातून जुन्या सुती धोतराची जाड वात खाली सोडा, वरचं टोक वीतभर मातीत. खालच्या बादलीला बाहेरून, वरचीचं बूड जिथं येतं त्याच्या एक बोट खाली, एक भोक पाडा आणि त्यात जाळीचा तुकडा कोंबा, डास शिरू नयेत म्हणून. आता वरून पाणी घाला. त्या भोकातून ओघळ आला की थांबा. वात पाणी वर ओढत राहते. पूर्ण वाढलेला टोमॅटो यावर तीन-चार दिवस काढतो. वात एका हंगामात कुजते, दर वर्षी नवी घाला. पावसाळ्यात ही जोडी सोडवून ठेवा.

उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं. पांढऱ्या बादल्यांतून उजेड आत जातो, मातीच्या कडेला हिरवं शेवाळ धरतं. दोन्हींवर एकच उपाय, बाहेरून गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधा. मुळं गार राहतात आणि बादली दोन-तीन वर्षांऐवजी चार-पाच वर्षं टिकते. काठ दाबल्यावर कडकन आवाज आला आणि पांढरी रेघ उमटली की ती थकली. तिचा चुरा मातीत मिसळायच्या आत माती दुसऱ्या बादलीत काढा, जुनी धुऊन भंगारवाल्याला द्या, 2 आणि 5 नंबरचं प्लास्टिक ते घेतात. आणि दुपारी दोनच्या सुमाराला परत बेकरीत जा.